स्टँड-अपची पहिली पाच मिनिटं, आणि मग कॅमेरा

आधी पाच मिनिटांचा सेट, म्हणजे सलग सादर करायचा जोकचा मजकूर, बांधा. ओपन माइकवर, म्हणजे नवख्यांनाही मंच मिळतो अशा कार्यक्रमात, बहुतेक वेळा तेवढंच मिळतं, कधी तीनच. हशाला जागा हवी, म्हणून मजकूर चार-सव्वाचार मिनिटांचाच ठेवा. शेवटचं मिनिट उरलं की समोरून दिवा दाखवतात. तो दिसूनही बोलत राहणाऱ्याला पुन्हा बोलावताना आयोजक विचार करतात.

सेटअपमध्ये, म्हणजे जोकच्या आधीच्या मांडणीत, पंच (हशा आणणारा शेवट) कळायला लागेल तेवढंच ठेवा. गंमत फोडणारा शब्द शेवटी हवा, आणि मराठीत नेमका इथेच घोळ होतो: वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे पंच आधी फुटतो आणि मागे शेपूट लोंबत राहतं. ‘मला सगळ्यात आधी माझ्या फिटनेस ट्रेनरने ब्लॉक केलं’ यापेक्षा ‘मला सगळ्यात आधी ब्लॉक कुणी केलं? फिटनेस ट्रेनरने’ हे जास्त चालेल. मग नवा सेटअप न देता त्याच पंचवर एक-दोन टॅग, म्हणजे हसवणाऱ्या छोट्या जोडओळी, चढवा. इतक्या कमी शब्दांत दुसरा हशा कुठेच मिळत नाही.

सगळ्यात खणखणीत जोक शेवटी, त्याखालचा सुरुवातीला, नवा मजकूर मध्ये. पहिला हशा अर्ध्या मिनिटाच्या आत यायला हवा. लांबलचक ‘कसे आहात सगळे’मध्ये तो वेळ जातो.

प्रत्येक प्रयोग फोनवर रेकॉर्ड करा आणि कागद घेऊन ऐका. हशा सुरू होऊन लगेच तुटला असेल, तर तो तुम्हीच बोलून कापला आहे. हशा चढून उतरायला लागला की पुढचं वाक्य टाका. काही टेबलंच हसली, तर संदर्भ सगळ्यांना माहीत नव्हता. कुणीच हसलं नाही, तर सेटअपमधली एखादी माहिती राहिली का, शेवटचा शब्द गिळला का, हे आधी तपासा. एका रात्रीच्या शांततेवरून जोक फेकू नका. रिकाम्या खोलीत चांगला जोकही पडतो.

माइक हातात घेतलात तर स्टँड मागे सरकवा, नाहीतर तो पूर्ण वेळ तुमच्यासमोर उभा राहतो. माइक ओठांपासून चार-पाच बोटांवर धरा. जाळीवर मूठ आवळली की आवाज घुसमटतो आणि शिट्टी वाजते. बांगड्या काढून ठेवा. केस मागे घ्या. वरच्या दिव्यात त्यांची सावली डोळ्यांवर पडते आणि चेहरा हरवतो. दिसण्यावरून कुणी शेरा मारला तर एकच उत्तर द्या आणि सेटवर परत या. दोन मिनिटं भांडलात की त्याचाच कार्यक्रम होतो.

ऑनलाइन टाकलेला जोक पुढच्या तिकिटाच्या प्रयोगात निम्मा मेलेला असतो. क्लिपसाठी प्रेक्षकांशी झालेल्या गप्पा किंवा निवृत्त केलेला मजकूर वापरा.

कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयात टायमिंग उपयोगी पडतं, पण स्टँड-अपच्या काही सवयी आड येतात. पंचनंतर थांबायची सवय ही त्यातली मोठी. चित्रीकरणाच्या सेटवर कुणी हसणार नसतं, त्यामुळे ती जागा कॅमेऱ्यात भोक पडल्यासारखी दिसते. लक्ष समोरच्या पात्रावर ठेवा. ते काय म्हणतंय हे खरंच ऐकलंत तर अर्धं काम झालं. स्वतःच्या ओळी ‘आणखी गमतीदार’ करण्याचा मोह विचारल्याशिवाय नको: तुमच्या शेवटच्या शब्दावर दुसऱ्याचा क्यू, म्हणजे बोलायला सुरुवात करायची खूण, असतो.

सेल्फ-टेपसाठी, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशनसाठी, साधी भिंत, चेहऱ्यावर समोरून उजेड, आणि वेगळं सांगितलं नसेल तर फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. दुसऱ्या पात्राच्या ओळी वाचणारी व्यक्ती लेन्सच्या अगदी शेजारी उभी राहू दे, आणि तिचा आवाज तुमच्यापेक्षा हळू हवा, कारण फोनच्या जवळ ती असते. स्टँड-अप करताना लेन्सकडे पाहायची सवय लागली असेल तर इथे मोडा. चित्रीकरणात पेला ज्या शब्दावर उचललात, प्रत्येक टेकमध्ये त्याच शब्दावर उचला; नाहीतर तुमचा उत्तम टेक संकलकाला जोडताच येत नाही.