पोळ्याची तयारी, आणि कासरा

पिठोरी अमावास्येला आठ दिवस उरले की पहिलं काम कासरा, म्हणजे वेसणीला बांधून बैल धरायचा दोर. नवा. दोन्ही बैलांना. झूल, घुंगरं, बाशिंग कोणी विसरत नाही, गेल्या वर्षी मीही विसरलो नव्हतो. कासरा मात्र जुनाच ठेवला, वरून धड दिसत होता म्हणून. तोरणाखाली जोड्या उभ्या, झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची गाणी, रंगात आलेल्या, ‘हर बोला हर हर महादेव’ झालं आणि कोणीतरी फटाक्याची लड लावली. उजव्या बैलानं मान झटकली. गाठीपाशी दोर आतून कुजलेला. अख्खा कासरा माझ्या हातात, वेसणीला वीतभर तुकडा, आणि बैल बाशिंगासकट दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये. भरपाई त्यानं मागितली नाही, टोमणे अजून चालू आहेत.

तर सुती घ्या. नायलॉनचा घेऊ नका, हिसका बसला की तळहात सोलून निघतो. नवा दोर ताठ असतो, गाठ सरकते; म्हणून भिजवून, ताणून दोन दिवस आधीच वापरात आणा.

खांदशेकणी आदल्या संध्याकाळी. पळसाच्या पानानं तूप-हळद लावून शेका, जू घासतं तिथं हात जरा जास्त फिरवा. वर्षभर त्याच खांद्यावर कापूस पिकवतो आपण, तिथं कसली घाई? ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ हे पोरांकडून म्हणवून घ्या. बॅटरी हातात आहेच, तर गाठी बघा. कासऱ्याच्या.

सणाच्या दिवशी अंघोळ सकाळीच. नाल्याला पाणी चढलं असेल तर घरी पाइपनं. शिंगांचा रंग दुपारपर्यंत वाळू द्या, नाहीतर झुलीला लागतो. पाऊस येतोच, प्लास्टिकचा कागद जवळ ठेवा. पुरणपोळी घासापुरती चारा. घरोघरी माया केली की बैलाचं पोट फुगतं आणि सणाच्या दिवशी डॉक्टर सापडत नाही. मानाच्या जोडीपुढे घुसू नका. पोळा फुटला की सगळे एकदम निघतात, तेव्हा कासरा मनगटाला गुंडाळू नका, मुठीत धरा. नवा कासरा.

बोजाऱ्याला, म्हणजे बैल घेऊन दारी येणाऱ्याच्या हातावर ठेवायला, सुटे पैसे. दुसऱ्या दिवशी मारबतीसाठी, म्हणजे इडापिडा गावाबाहेर घालवायला, पहाटे उठायचं. तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलाच्या चाकांत तेल घाला. नागपूरकडचे पाहुणे असतील तर त्यांना आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा दाखवा, पण निघण्याआधी गोठ्यात बैल नीट बांधा. कशानं, ते आता सांगत नाही.