लॉगमधल्या ओळींची सरमिसळ थांबवताना

महापेच्या ऑफिसात माझ्या सी प्रोग्रामचे चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकाच लॉग फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, लिहायचे. वेळ एका थ्रेडची, मजकूर दुसऱ्याचा! प्रत्येक एफप्रिंटएफ (fprintf, फाइलमध्ये मजकूर लिहिणारं फंक्शन) स्वतःपुरतं कुलूप लावतंच, म्हणजे तेवढ्यापुरतं दुसऱ्या थ्रेडला त्या फाइलमध्ये लिहू देत नाही. पण माझी एक ओळ दोन एफप्रिंटएफ मिळून बनायची, आणि मधल्या फटीत दुसरा थ्रेड घुसायचा.

म्हणून ओळ सुरू होण्याआधी एफलॉकफाइलने (flockfile) कुलूप लावायचं, संपली की एफअनलॉकफाइलने (funlockfile) सोडायचं. आत एफप्रिंटएफ बिनधास्त वापरा, कारण तोच थ्रेड हे कुलूप पुन्हा घेऊ शकतो. जितक्यांदा लावलं तितक्यांदा सोडायचं मात्र. मध्येच रिटर्न (फंक्शनमधून बाहेर पडणं) असेल तर आधी कुलूप सोडा, नाहीतर बाकीचे थ्रेड ताटकळत राहतात; माझे राहिले होते. एकेक अक्षर लिहायचं तर आत पुटसी_अनलॉक्ड (putc_unlocked) वापरा, ते स्वतः कुलूप लावत नाही, म्हणून वेळ वाचतो. दुसऱ्या प्रोसेसला (वेगळ्या चालू प्रोग्रामला) हे कुलूप अडवत नाही.