वाइल्ड वेस्टमधली प्रेमकादंबरी लिहिताय? या चुका टाळा

‘एकोणिसावं शतक, अमेरिकेच्या पश्चिमेचं एक धुळकट गाव’ एवढ्या भांडवलावर कादंबरी सुरू केली की दहाव्या प्रकरणापर्यंत गाडं अडतंच. १८५१ चं ओरेगन आणि १८८० चं कॅन्सस यांत कायदा वेगळा, घर वेगळं, पत्र पोचायला लागणारा वेळही वेगळा. म्हणून आधी साल ठरवा, मग प्रांत आणि नायकाचे डोळे निळे की घारे हे सगळ्यात शेवटी.

साल चुकलं की काय होतं? नायिका १८५५ मध्ये कॅलिफोर्नियातून न्यूयॉर्कला तार करते. पण देश ओलांडणारी तार २४ ऑक्टोबर १८६१ ला जोडली गेली. रेल्वे त्यानंतर, १० मे १८६९ ला. पोनी एक्स्प्रेस ही घोडेस्वारांची टपालसेवा तर एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ एवढीच चालली, तरी १८७० मध्ये घडणाऱ्या कथांत तिचे घोडेस्वार सर्रास दौडत असतात. गुरांच्या कुरणावरून काटेरी तारेचं भांडण हवं असेल तर १८७४ च्या पुढे या; जोसेफ ग्लिडनचं त्या तारेचं पेटंट त्या वर्षीचं.

वॅगनमधला, म्हणजे पश्चिमेला वसायला निघालेल्यांच्या छतवाल्या गाडीतला, प्रणयप्रसंग ही दुसरी हमखास चूक. गाडीचा सांगाडा साधारण १० फूट बाय ४ फूट आणि त्यात टनभर सामान: पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, अवजारं. माणसाला आत जागा नसायची, धडधाकट मंडळी शेजारून चालायची. गाडीला घोड्यांपेक्षा बहुधा बैल, कारण ते स्वस्त, चिवट आणि वाटेतल्या गवतावर भागवणारे. वेग ताशी तीन-चार किलोमीटर, दिवसाला जेमतेम पंचवीस. मिसूरीहून ओरेगनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर, म्हणजे चार ते सहा महिने. गवत उगवल्याशिवाय निघता येत नाही आणि हिमवर्षावाआधी डोंगर ओलांडावे लागतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये प्रस्थान ठेवा. तांडा ऑगस्टमध्ये मिसूरीहून निघाला तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल. वाटेत माणसं मारायची असतील तर आधी कॉलरा वापरा. त्या वाटेवर हल्ल्यांपेक्षा रोगराईनं कितीतरी जास्त माणसं गेली.

आता सोयीचं लग्न. या प्रकारातलं हे लाडकं सूत्र, आणि तेच सर्वांत पोकळ लिहिलं जातं. ‘तिला आधार हवा होता, त्याला स्वयंपाकीण’ एवढ्यानं भागत नाही, कारण जमिनीचा कायदा याहून चांगलं कथानक देतो. ओरेगनमध्ये १८५० च्या कायद्यानं आधीपासून वसलेल्या अविवाहित गोऱ्या पुरुषाला ३२० एकर मिळत. त्यानं १ डिसेंबर १८५१ पर्यंत लग्न केलं तर दोघांना मिळून ६४०, त्यातले निम्मे बायकोच्या स्वतःच्या नावावर. तारीखच नायकाच्या मानगुटीवर बसते. (या घाईत अगदी कोवळ्या मुलींचीही लग्नं लावली गेली, तुमची नायिका सज्ञानच ठेवा.)

१ जानेवारी १८६३ पासून लागू झालेल्या होमस्टेड कायद्याचा डाव निराळा. १६० एकर सरकारी जमीन, अट पाच वर्षं वास्तव्य आणि लागवडीची. वय २१ पूर्ण असलेली अविवाहित स्त्री किंवा विधवा स्वतःच्या नावानं दावा करू शकत होती. नवऱ्याबरोबर नांदणारी बायको नाही. म्हणजे नायिकेनं आधी दावा टाकायचा की आधी ‘हो’ म्हणायचं, यावर आख्खी कादंबरी उभी राहते. दोघांचे वेगवेगळे दावे असतील तर तिढा आणखी घट्ट, कारण वास्तव्य दाव्यावरच हवं आणि संसार दोन घरांत दाखवता येत नाही. पाच वर्षांनी दावा पक्का करायला दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक शेजारी फितवा, खलनायक आयता मिळतो. सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलरनं, म्हणजे २०० डॉलर भरून, जमीन विकत घ्यायचीही सोय होती. महिना तीसेक डॉलर कमावणाऱ्या काउबॉयला ही रक्कम केवढी, ते पानावर दिसू द्या.

झाडं नसलेल्या नेब्रास्कात लाकडी बंगली उभी करू नका. तिथे मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या चिपांचं घर असे. पाऊस बाहेर थांबला तरी छत आत गळत राही आणि ताटात माती पडू नये म्हणून छताखाली मलमल ताणत.

कपडे उतरवताना क्रम लक्षात ठेवा: अंगालगत केमिस (सैल सुती सदरा), तिच्यावर कॉर्सेट (कंबर आवळणारी चोळी), वर परकर, मग झगा. कॉर्सेट उघड्या अंगावर नसतो. शिवाय १८६० च्या सुमारास त्याला पुढून धातूच्या अडकवण्या असत. नाडी सैल करून नायिका तो एकटीही काढू शकते. नायकाच्या पँटला झिप नको, बटणं द्या.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्या मूळ रहिवाशांची ‘इंडियन’ नावाची एकच जमात करणं. लकोटा, कोमांची, नवाहो यांची भाषा, घरं, नातीगोती वेगळी. टीपी म्हणजे शंकूसारखा तंबू, ती मैदानी जमातींची. नवाहोंचं घर होगान. लकोटा आणि शायेन लोकांत टीपी बाईच्या मालकीची असे, त्यामुळे नायक नायिकेला ‘आपल्या’ तंबूत नेतो हे वाक्य तपासा. अपहरणकर्त्याच्या प्रेमात पडणारी नायिका हा साचा तर सोडूनच द्या. सिंथिया ॲन पार्कर ही गोरी मुलगी १८३६ मध्ये कोमांचींनी पळवलेली. १८६० मध्ये तिला ‘सोडवून’ आणलं तेव्हा ती कोमांची झाली होती, नवरा-मुलं तिकडचीच, आणि ती परत जाण्यासाठी धडपडत राहिली. या गुंत्याला न्याय देता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. काउबॉयही सगळे गोरे नव्हते. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराखी मोठ्या संख्येनं होते.

आणि मुखपृष्ठवाल्याला सांगा, वर हात केलेला तो उंच निवडुंग म्हणजे सॅग्वारो. तो ॲरिझोनाकडच्या सोनोरन वाळवंटात वाढतो. कथा वायोमिंगची असेल तर सेजब्रशची झुडपं रेखाटा.