आठ हजारांत चौघांची इमॅजिका: बेताच्या पैशात थीम पार्कची सहल कशी आखावी

थीम पार्कला जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो, "तिकीट केवढ्याला?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा. त्याआधी कोणत्या दिवशी जायचे आणि कुणाकुणाला न्यायचे, हे ठरायला हवे. तिकिटाची रक्कम डोळ्यांसमोर असते, तिची तयारी आपण करतोच. खिसा कापला जातो तो चुकीच्या दिवसामुळे आणि फाटकाच्या आत गेल्यावर शंभर-दोनशेने सुटणाऱ्या पैशांमुळे.

उदाहरणासाठी खोपोलीजवळची इमॅजिका घेते. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला, खालापूर तालुक्यात २०१३ साली हे पार्क सुरू झाले. पुढे शेजारीच वॉटर पार्क आणि स्नो पार्कही आले. मुंबई आणि पुणे दोन्हीकडच्यांना एका दिवसात जाऊन येता येते. बेताच्या पैशात ही सर्वांत मोठी सोय, कारण मुक्कामाचे भाडे वाचते.

आधी रक्कम, मग बेत

कागद घ्या आणि वर एकच आकडा लिहा: एकूण किती खर्च करायचा. आपण चौघांसाठी आठ हजार धरू. आई, बाबा, दहावीतली मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. खालचे आकडे हिशेबापुरते आहेत, तिकिटाचा भाव तारखेनुसार बदलतो. तिकीट सरासरी १,४०० धरले तर ५,६००. प्रवास ८००. खाणे १,०००. लॉकर वगैरे ३००. उरलेले ३०० हात न लावण्याचे.

आता हाच कागद शनिवारचा करून बघा. माणशी ४०० रुपये तिकीट वाढले की १,६०० गेले, म्हणजे प्रवास आणि लॉकर मिळून लागणाऱ्या पैशांहूनही जास्त. शिवाय रांगा लांब, म्हणून कुणीतरी म्हणणार, "जाऊ दे, रांग टाळायचा पास घेऊन टाकू." तो पास वेगळ्या पैशांचा. आठ हजारांचा बेत बारा हजारांवर असाच जातो.

एकदम आठ हजार काढणे जड वाटत असेल तर भिशीसारखे महिन्याला हजार बाजूला टाका. जूनमध्ये शाळा सुरू झाली की डबा ठेवायचा, फेब्रुवारीपर्यंत रक्कम तयार होते. आणि फेब्रुवारी हा जायला चांगला महिना आहे, ते पुढे येतेच.

दिवस निवडणे

इथे वेळ घालवा, सगळी बचत इथेच आहे. शनिवार, रविवार, मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवे वर्ष आणि शनिवार-रविवारला जोडून सोमवारी किंवा शुक्रवारी आलेली कोणतीही सुट्टी यांवर सरळ फुली मारा. एवढे सगळ्यांनाच माहीत असते. फारसे लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे शाळांच्या सहली. नोव्हेंबर ते जानेवारी हा सहलींचा हंगाम. तुम्ही मोठ्या हुशारीने डिसेंबरातला बुधवार निवडता आणि फाटकावर बघता तर एकामागून एक एसटी बस, टोप्या घातलेली पाचशे मुले आणि शिट्टी वाजवणारे सर. मुलांचा हेवा वाटतो, पण रांग काही कमी होत नाही.

मग उरते काय? फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्च: बोर्डाच्या परीक्षा, घराघरांत अभ्यास, पार्कात मोकळीक. (आपल्या उदाहरणातली मुलगी दहावीत आहे, तिच्यासाठी मात्र हे दिवस बाद. तिला शाळा सुरू झाल्यावर, जूनच्या शेवटी किंवा सप्टेंबरात न्या.) पितृपक्षात आपल्याकडे बरीच मंडळी मौजमजेचे बेत टाळतात. तुम्ही पाळत नसाल तर तो पंधरवडा उत्तम. दसरा ते दिवाळी यांच्या मधले सहामाही परीक्षेचे दिवसही चांगले, फक्त ऑक्टोबरचे ऊन सोसायची तयारी हवी.

जुलै-ऑगस्टमध्ये भाव उतरलेले दिसतील, पण जरा थांबा. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, तिथला पाऊस म्हणजे गंमत नव्हे. जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राईड सुरक्षेसाठी थांबवतात. पैसे परत मिळतात का, याचा नियम तिकीट काढण्याआधी वाचा.

कुणाला न्यायचे, कुणाला थांबवायचे

बऱ्याच पार्कांत मुलांचे तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरते. मोठ्या राईडवर बसू देण्याचा नियमही उंचीचाच. म्हणून निघण्याआधी मुलाला चपला काढून दाराच्या चौकटीला उभे करा, पेन्सिलीने खूण करा आणि मोजपट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजा. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राईडपुढे उंची दिलेली असते. नायट्रोसाठी, म्हणजे पाय लोंबकळत ठेवून उलटेपालटे फिरवणाऱ्या त्या मोठ्या रोलर कोस्टरसाठी, उंची दोन सेंटिमीटरने कमी पडणार असेल तर तेही घरीच कळलेले बरे. रांगेच्या टोकाला पोचल्यावर पट्टीखाली उभे राहून आलेले रडे थांबवायला आइस्क्रीम लागते, आणि ते आतल्या भावाने.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी एवढा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला गावच्या जत्रेतला पाळणा आणि फिरणारे घोडे तितकेच आवडतात. दोन वर्षे थांबा. आजी-आजोबांना उंच राईड नको असतील तर त्यांचे पूर्ण तिकीट काढायचे का, हे त्यांनाच विचारा. सावलीत बसून पिशव्या राखण्यासाठी हजार-दीड हजार हा फार मोठा पगार झाला!

तिकीट काढताना

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी करू नका. दोन्हींचे एकत्र तिकीट स्वस्त दिसते, पण दोन्हीकडचे निम्मेच पाहून होते. एक निवडा. आठ-दहा वर्षांखालची मुले असतील तर पाणी, मोठी असतील तर राईड.

तिकीट पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. निम्म्या भावाच्या जाहिराती मोबाइलवर फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दाखवलेला भाव करासह आहे की पैसे भरताना कर वर चढतो, ते शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा. कॉलेजच्या ओळखपत्रावर किंवा वाढदिवसाला सवलत असते, तेव्हा मूळ कागद सोबत ठेवा. मोठ्या गटाला दर वेगळा मिळतो. सोसायटीतली पाच कुटुंबे, बचत गटातल्या बायका, ऑफिसातली मंडळी अशी माणसे जमवून आधी फोन करून बघा. मात्र गट मोठा झाला की कुणीतरी सतत हरवलेले असते, तेही धरून चाला.

जेवणासह मिळणारे तिकीट अनेकदा फायद्याचे पडते. आतल्या एका ताटाचा भाव काढा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा.

जायचे कसे

मुंबईकडून: मध्य रेल्वेची खोपोली लोकल. थेट गाड्या मोजक्याच, नाहीतर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरायची. दुसऱ्या वर्गाचे एका बाजूचे तिकीट माणशी पन्नास रुपयांच्या आत बसते. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत गाडी खोपोलीला टेकते. तिथून शेअर रिक्षा किंवा पालीकडे जाणारी एसटी. वाहकाला चढतानाच सांगून ठेवा. पुण्याकडून लोकलने लोणावळा, तिथून एसटीने घाट उतरून खोपोली.

एसटीच्या सवलती हिशेबात धरायला लोक विसरतात. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट. वयाचा पुरावा हवा. आपल्या चौकोनी कुटुंबात पूर्ण तिकीट एकट्या बाबांचे लागते.

परतीची गाडी मात्र आधीच ठरवा. संध्याकाळी खोपोली-कर्जत गाड्यांमध्ये बरेच अंतर असते, एक चुकली की फलाटावर ताटकळत बसायचे. एम-इंडिकेटर या गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या अ‍ॅपवर वेळ पाहून कागदावर लिहा, कारण रात्रीपर्यंत मोबाइलची बॅटरी फोटो काढून संपलेली असते. स्वतःची गाडी पाच जणांत परवडते, तीन जणांत सहसा नाही. पेट्रोल, टोल आणि पार्किंग तिन्ही जोडा, मग तुलना करा.

लांबून येणाऱ्यांसाठी एक जोडबेत

नाशिक, सातारा, कोल्हापूरकडून येणाऱ्यांना मुक्काम टळत नाही. पार्कजवळच्या हॉटेलात उतरण्यापेक्षा त्याच रस्त्याने पुढे पालीला जा. अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर तिथे आहे. भक्तनिवासात किंवा गावातल्या साध्या लॉजमध्ये राहणे होते, शाकाहारी थाळी मिळते. दुपारी पोचलात तर दर्शन, जवळच उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे आणि दम असेल तर मागचा सरसगड किल्ला. सकाळच्या एसटीने पार्क. परतताना खोपोलीजवळ महडचा वरदविनायकही जमतो, म्हणजे अष्टविनायकांतले दोन पदरात. फक्त दिनदर्शिका बघा: संकष्टी, अंगारकी किंवा माघी गणेशोत्सव असेल तर पालीत पाय ठेवायला जागा नसते, खोलीचे नावच सोडा.

पिशवीत काय

बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत आणि फाटकावर पिशव्या तपासतात. तान्ह्या बाळाचे खाणे आणि औषधे यांना सहसा हरकत नसते. तेव्हा डबा लपवून नेण्याच्या युक्त्या शोधू नका, तो फाटकाआधीच संपवा. लोकलमध्ये थालीपीठ-दही किंवा मेथीचे पराठे पोटभर खाल्ले की दुपारी तीनपर्यंत भूक लागत नाही. तीनला आत एकदाच जेवा, तेव्हा गर्दीही ओसरलेली असते. परतीसाठी दशम्या, चटणी पिशवीच्या तळाशी ठेवायची असेल तर ती पिशवी बाहेर सामान-खोलीत ठेवता येते का, ते फाटकावर विचारा. रिकामी बाटली जवळ असू द्या, पिण्याच्या पाण्याचे नळ आत असतात.

वॉटर पार्क असेल तर नायलॉनचे कपडे घरूनच न्या. सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत, आणि चौघांच्या कपड्यांचे भाडे व अनामत मिळून हजार रुपये सहज मोडतात. बाजारात साधा नायलॉनचा जोड दोन-तीन वेळच्या भाड्यात येतो आणि पुढची चार वर्षे टिकतो. टॉवेलही आपला. मोबाइलसाठी जाड प्लास्टिकची पिशवी दोन्हीकडे हवी, कारण थीम पार्कातल्या राजासॉरस या पाण्यातल्या राईडच्या नावेतून उतरताना अंग ओले होतेच.

अनामतीवरून आठवले. एका वॉटर पार्कात (नाव सांगत नाही, चूक माझीच होती) मी लॉकरची किल्ली परत दिली, पावती मात्र पर्समध्येच राहिली आणि अनामत परत घ्यायचे विसरले. घरी आल्यावर पावती सापडली. तेव्हापासून अनामतीची पावती मी मुलीच्या ताब्यात देते. ती पै सोडत नाही.

आत गेल्यावर

फाटक उघडण्याआधी अर्धा तास पोचा. आत शिरताच सगळे पहिल्याच राईडला थबकतात. तुम्ही नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप यांच्याकडे आधी चला. पहिल्या दोन तासांत या तीन झाल्या की पैसे वसूल. ऊन चढले की छपराखालच्या गोष्टी घ्या, म्हणजे डीप स्पेस, सलीमगढ, आय फॉर इंडिया. ज्यात भिजायचे ते दुपारी दोननंतर, म्हणजे कपडे वाळतात. पार्कातल्या संध्याकाळच्या मिरवणुकीला सगळे रस्त्याच्या कडेला गोळा होतात, तेव्हा रांगा आपोआप रिकाम्या होतात. मोठ्या राईडची दुसरी फेरी तेव्हा मारा, मिरवणुकीचा शेवट बघितला तरी पुरतो.

मुलांना सकाळीच प्रत्येकी दोनशे रुपये हातात द्या. फुगा, टोपी, राईडवरचा फोटो, काय हवे ते त्यातून. स्वतःचे पैसे झाले की मुले विलक्षण कंजूष होतात. माझ्या मुलाने दिवसभर दोनशेची नोट घडी करून खिशात ठेवली आणि शेवटी खोपोली स्टेशनबाहेर त्यातून सगळ्यांना वडापाव दिला.