विंड केव्हला जाताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या साउथ डकोटाची सहल आखताना माउंट रशमोर, कस्टर स्टेट पार्क, बॅडलँड्स सगळं नीट बसवलं जातं आणि विंड केव्ह नॅशनल पार्क मात्र ‘जाता जाता उरकू’ म्हणून यादीच्या शेपटाला जातं. घोळ इथूनच सुरू होतो. पार्कात शिरायला पैसे पडत नाहीत, पण गुहेत रेंजरबरोबरच (पार्कच्या कर्मचारी-गाइडबरोबर) जावं लागतं आणि त्या टूरला तिकीट आहे. जुलैत दुपारी पोचून खिडकीशी उभं राहिलात, तर तिकिटं संपलेली असण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे आधी टूरची वेळ पक्की करा, बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. निघण्यापूर्वी पार्कच्या वेबसाइटवर गुहेची लिफ्ट चालू आहे ना, तेही बघा. ती बिघडल्यामुळे टूर रद्द झाल्याचे प्रकार घडलेले आहेत.

भारतातून आईबाबा आले असतील तर नुसतं टूरचं नाव बघून बुकिंग करू नका. ‘गार्डन ऑफ ईडन’ला साधारण 150 पायऱ्या, ‘नॅचरल एंट्रन्स’ला 300 (बहुतेक उतरत्या), ‘फेअरग्राउंड्स’ला 450. गुडघे कुरकुरत असतील त्यांच्यासाठी पहिलीच बरी. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत बारा महिने जेमतेम 12 अंश सेल्सिअस, तेव्हा जॅकेट हवंच. सॅक, पर्स, बाबागाडी आत नेता येत नाही. आणखी एक, दुसऱ्या कुठल्या गुहेत वापरलेले बूट-कपडे इथे घालू नका. वटवाघळांना मारणारी बुरशी अशीच एका गुहेतून दुसरीकडे जाते.

लोंबते झुंबरासारखे दगड बघायला म्हणून जाल तर हिरमुसाल. ही गुहा बरीचशी कोरडी, त्यामुळे ते इथे फारसे नाहीत. इथलं वैभव म्हणजे बॉक्सवर्क. कॅल्साइटच्या पातळ पात्या एकमेकींना छेदत छतभर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी विणतात. रेंजर टॉर्च तिरका धरतो तेव्हा ती उठून दिसते, म्हणून रांगेत रेंजरच्या जवळ राहा.

सर्वांत मोठी चूक मात्र गुहेतून बाहेर येऊन थेट गाडी काढण्याची. 1903 साली हे पार्क झालं ते गुहेसाठी, पण वरचं गवताळ रान कमी तोलाचं नाही. 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधून 14 बायसन (अमेरिकेतले रानगवे) इथे आणले आणि आजचा कळप उभा राहिला. हे बायसन दिसतात सुस्त, पण धावले की माणूस सुटत नाही. निदान 25 यार्ड लांब राहा. शेपूट ताठ उभारली की मुकाट्याने मागे सरका, फोटो राहू दे. प्रेअरी डॉग्जना (बिळात राहणाऱ्या, खारीच्या जातीच्या प्राण्यांना) शेंगदाणे टाकू नका आणि त्यांच्या बिळात हात तर अजिबात घालू नका, तिथे रॅटलस्नेक हे विषारी सापही मुक्कामाला असतात.

तिकीट मिळालंच नाही तर? व्हिजिटर सेंटरपासून थोडं चालून गुहेच्या मूळ तोंडापाशी जा, त्याला तिकीट नाही. लहानसं भोक आहे. बाहेर हवेचा दाब घटला की त्यातून वारा बाहेर फेकला जातो, वाढला की आत ओढला जातो. रुमाल जवळ धरा, लगेच कळतं. इथल्या मूळ रहिवासी लकोटा लोकांच्या श्रद्धेनुसार त्यांचे पूर्वज इथूनच पृथ्वीवर आले, तेव्हा सेल्फीसाठी दगडांवर चढाचढी नको. मग पार्कातल्याच रँकिन रिज या डोंगरधारेवरच्या टॉवरपर्यंत चढून या. पेट्रोल आणि जेवण मात्र आधीच हॉट स्प्रिंग्ज किंवा कस्टर गावात उरकून घ्या.