सूर्यमालेचं फिरतं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

बुध 88 दिवसांत फिरतो, म्हणजे वर्षाला चार फेऱ्या, म्हणजे 4:1. वहीतल्या या एका ओळीनं जितकी मॉडेलं वाया घालवली, तितकी खराब गिअरांनी घालवली नसतील. बुध वर्षाला 4.152 फेऱ्या मारतो. 4:1 धरलंत तर वर्षभरातच तो 55 अंश मागे पडतो. 83 आणि 20 दात्यांच्या चाकांची जोडी घ्या, वर्षाची चूक एका अंशाच्या आत येते. शुक्राला 52:32, पृथ्वीला 50:50, मंगळाला 25:47. पहिला आकडा बाजूच्या शाफ्टवरच्या चाकाचा (शाफ्टची एक फेरी म्हणजे एक वर्ष), दुसरा मधल्या, त्या ग्रहाला फिरवणाऱ्या नळीवरच्या चाकाचा.

हे आकडे मिळाले की घाई करणारा थेट नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत जातो आणि सगळे गिअर मॉड्युल 1 मध्ये (मॉड्युल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) कापून आणतो. बसत नाहीत. नळ्या एकात एक, बाजूचा शाफ्ट एकच. मग प्रत्येक जोडीचं सेंटर डिस्टन्स, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, सारखंच हवं. ते म्हणजे दोन्ही चाकांच्या दात्यांची बेरीज गुणिले मॉड्युल, भागिले दोन. मॉड्युल 1 ला बुधाचं येतं 51.5 मिमी, शुक्राचं 42, मंगळाचं 36. मग लोक दाते कमीजास्त करून बेरीज जुळवतात आणि गुणोत्तराची वाट लावतात. दात्यांना हात लावू नका, मॉड्युल बदला. अंतर 51.5 ठेवा: बुध 1, पृथ्वी 1.03, शुक्र 1.226, मंगळ 1.431. मॉड्युल फक्त जोडीपुरतं जुळावं लागतं. असे कटर बाजारात मिळत नाहीत, म्हणून 3 मिमी ॲक्रिलिक लेझरनं कापा. एमडीएफ नकोच, नाशिकच्या पावसाळ्यात तो दमट हवा पिऊन फुगतो आणि दाते एकमेकांत रुततात.

बुधाची नळी सगळ्यात आतली, तिचा गिअर सगळ्यात खाली, ग्रह धरणारा दांडा सगळ्यात वर. हा क्रम उलटा केलात तर 83 दात्यांचं चाक बाकीच्या नळ्यांवर आपटेल.

आता चंद्र. एका प्रदर्शनात फार देखणं पितळी मॉडेल होतं, डाखसुद्धा दिसत नव्हता. बघायला आलेल्या एका आजींनी मॉडेलमधली तीन वर्षं होईपर्यंत हँडल फिरवायला लावून अमावास्या मोजल्या. भरल्या 40! पंचांगात 37 येतात. करणाऱ्यानं 27.32 दिवस हा आकडा बरोबरच घेतला होता, वर्षाला 13.37 फेऱ्या. पण त्या ताऱ्यांच्या संदर्भात. चंद्राची चाकं पृथ्वीच्या दांड्यावर बसतात आणि दांडा स्वतः वर्षाला एक फेरी मारतो, तेव्हा दांड्याच्या हिशेबानं 12.37 च हव्यात. अधिक मास पाळणाऱ्या घरात ही चूक व्हावी, याचं नवल वाटतं.

235:19 हे गुणोत्तर इथे चोख बसतं. 235 दात्यांचं चाक कापत बसू नका. स्थिर 47 दात्यांच्या चाकावरून 19, त्या 19 च्याच शाफ्टवर 60, पुढे चंद्राचं 12. 60 आणि 12 च्या मध्ये एक नुसतं फिरणारं चाक टाका, नाहीतर चंद्र उलटा जाईल. स्थिर चाकासाठी शुक्र आणि पृथ्वीच्या नळ्यांमध्ये एक न फिरणारी नळी आधीच धरा. मागाहून ती घुसवता येत नाही.

नळ्यांमध्ये 0.1 मिमी खेळ, म्हणजे मोकळी फट, ठेवा. डाख देताना शेजारच्या नळीवर पेन्सिलीचं शिसं घासा, म्हणजे डाख आत ओढला तरी चिकटत नाही. आणि भांडी बाजारातली चकाकी हवी म्हणून जोडलेल्या मॉडेलला चिंच-मीठ लावू नका. ते फटीत शिरतं, हिरवं होतं, आणि पंधरा दिवसांनी चारही ग्रह एकत्र फिरू लागतात.

प्रमाणबद्ध अंतरांचा हट्ट सोडा. नेदरलंड्समध्ये आइसे आइसिंगानं 1781 साली पूर्ण केलेल्या मॉडेलात 1 मिमी म्हणजे 10 लाख किमी आहेत, आणि त्याला खोलीचं अख्खं छत लागलं. तुमच्याकडे टेबल आहे.

मोटर सगळ्यात शेवटी. आधी हातानं शंभर वर्षं फिरवा. जिथे बोटाला अडल्यासारखं वाटेल, तिथे मोटर दाता मोडते.