भावंडांनी ‘त्या रात्री’विषयी कसं बोलावं

आई किंवा वडील अचानक जातात तेव्हा प्रत्येक भावंडाच्या मनात एक वेगळी रात्र शिल्लक राहते. सोलापुरात घर सांभाळणाऱ्याची वेगळी, पुण्यात नोकरी करणाऱ्याची वेगळी, बार्शीला दिलेल्या बहिणीची वेगळी. मी परिचारिका. नोकरीची सगळी वर्षं सोलापुरातल्याच वॉर्डांत गेली आणि व्हरांड्यात भांडणारी भावंडं मी पुष्कळ पाहिली. बिलावरून भांडतात, रिपोर्टवरून भांडतात, ‘तू कधी आलास’ यावरून भांडतात. पोटात बहुतेकदा एकच असतं: माझ्यामुळं झालं का हे? ते मात्र कुणी तोंडावाटे काढत नाही. ते बाहेर यावं म्हणून काय करता येतं, ते इथे सांगते. आधार एका अमेरिकन मालिकेचा घेतलाय, कारण परक्या घराविषयी बोलता बोलता माणसं आपल्या घराविषयी बोलू लागतात, हे मी ओळखीच्या घरांत पाहिलंय.

मालिका आहे ‘धिस इज अस’. २०१६ ते २०२२ या काळात तिचे सहा सीझन आणि १०६ भाग झाले. पिअर्सन कुटुंबातली तीन भावंडं एकाच वयाची. केव्हिन आणि केट ही तिळ्यांतली जगलेली दोघं. तिसरा रँडल, त्याच दिवशी जन्मलेलं आणि टाकून दिलेलं कृष्णवर्णीय बाळ, ज्याला या गोऱ्या आईवडिलांनी दत्तक घेतलं. मुलं सतरा वर्षांची असताना, १९९८ च्या जानेवारीत, स्वयंपाकघरातल्या विजेच्या जुन्या भांड्यामुळं घराला आग लागते. धुराची सूचना देणारं यंत्र भिंतीवर असतं, पण त्यात बॅटरीच नसते. वडील जॅक सगळ्यांना बाहेर काढतात आणि केटच्या कुत्र्यासाठी परत आत जातात. कुत्र्याला घेऊन बाहेरही येतात. पण छातीत गेलेल्या धुरामुळं दवाखान्यात थोड्याच वेळात त्यांचं हृदय बंद पडतं.

आता तिघांकडे बघा. केटला वाटतं, मी कुत्र्यासाठी ओरडले म्हणून बाबा आत गेले. केव्हिन त्या रात्री घरी नव्हता, मैत्रिणीकडे होता, आणि वडिलांशी वाईट बोलून गेला होता. रँडल आगीसमोर उभा होता, त्याला वाटतं मी त्यांना अडवायला हवं होतं. घटना एकच, टोचण्या तीन. आणि तिघंही आपापली टोचणी एकट्याने वागवत चाळिशीला येतात. केव्हिन दारू-गोळ्यांत जातो. केट स्वतःलाच शिक्षा देत राहते. रँडल सगळ्यांची व्यवस्था बघायला लागतो.

हे तिसरं रूप ओळखायला सगळ्यांत अवघड, कारण ते कर्तबगारीसारखं दिसतं. चौथ्या सीझनमध्ये आईला विस्मरणाचा आजार सुरू झाल्याचं कळतं आणि रँडल तिला दूरच्या सेंट लुईसमधल्या औषधचाचणीला जायला भाग पाडतो, तिच्या मनाविरुद्ध. वडिलांना वाचवता आलं नाही, मग आईला तरी वाचवणारच. आमच्या वॉर्डात हा रँडल पुण्याहून यायचा. सकाळी उतरला की खांद्यावर बॅग तशीच, आणि पहिलं वाक्य ‘एमआरआय का नाही केला?’. सिस्टरवर आवाज चढवायचा, दादावर चढवायचा. मला त्याचा राग कधी आला नाही. गाडीत चार तास त्याच्या डोक्यात काय चाललं असेल, ते त्याच्या हातांवरून कळायचं.

मालिका अख्खी बघायला वेळ नसेल तर निवडक बघा. दुसऱ्या सीझनमधली आग, आणि त्याच सीझनमध्ये केव्हिनच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशिकेसमोर बसलेलं सगळं कुटुंब. चौथ्याच्या शेवटी केव्हिन-रँडलचं भांडण. पाचव्यात त्यांचं बसून बोलणं. सहाव्यात आईने तिघांना समोर बसवून सांगितलेला निर्णय. शक्यतो एकत्र बघा. पुणे-सोलापूर वेगवेगळं बघायचं तर एकाच आठवड्यात बघा. एक पथ्य कडक पाळा: ‘तू अगदी केव्हिनसारखा आहेस’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. ‘रँडलने आईला विचारायला हवं होतं का?’ एवढंच विचारायचं. उत्तर देणारा दहा मिनिटांत आपोआप आपल्या आईवर येतो.

मग प्रश्न येतो कुठे आणि कधी बोलायचं याचा. दिवसकार्यात नको. तेराव्याला पाहुणे, स्वयंपाक, देणीघेणी यांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे लिहिलेला एक शब्द मावशी, काका, भाचे सगळे वाचतात आणि वर्षानुवर्षं पुन्हा काढतात. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत बाहेरगावची भावंडं घरी येतात, हा चांगला मोका. पण नंदीध्वजाच्या मिरवणुकीचे दिवस सोडा, ती गर्दी ओसरली की मग बसा. जावा, सुना, जावई आणि मुलं यांना त्या दुपारी यात्रेत किंवा किल्ल्याच्या बागेत पाठवून द्या. मालिकेतही समुपदेशिकेच्या खोलीत जोडीदार नसतात, ते बाहेर वेगळे बसलेले असतात. ते मला पटलं. नवऱ्यादेखत भाऊ बहिणीची माफी मागत नाही.

समोरासमोर बसलात तर जीभ अडते. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने शेजारी शेजारी चाला, नाहीतर घरात हाताला काहीतरी काम घ्या. शेंगा सोलणं यासाठी फार चांगलं. नजर शेंगांवर राहते, हात थांबत नाहीत, आणि मध्येच सगळे गप्प झाले तरी ते गप्प बसणं खुपत नाही.

आता खरं काम. पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त आपली रात्र सांगायची, वेळेच्या क्रमाने. मी कुठे होतो, काय ऐकलं, काय केलं, काय केलं नाही. वाक्य ‘मी’ने सुरू करायचं. ‘तू’ हा शब्द या फेरीत येऊ द्यायचा नाही. ‘तू फोन केला नाहीस’ असं न म्हणता ‘मला सकाळी सहाला कळलं’ असं म्हणायचं. सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, तारीखवार चुकली तरी दुरुस्त करायचं नाही.

पूर्व भागातल्या एका घराचं सांगते, ओळख पटणार नाही इतकंच. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती बघणारे होते. रात्री छातीत जळजळ होते म्हणाले. थोरल्याने अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि झोपायला सांगितलं. पहाटे रिक्षातून आणलं तोवर उशीर झाला होता. धाकटा हिंजवडीत, रात्रपाळी करून झोपलेला, फोन सायलेंटवर. अक्काने आदल्या दिवशी जागेच्या कागदांवरून वडिलांशी वाद घालून फोन ठेवून दिला होता. त्यानंतर धाकटा थोरल्याला एकच म्हणत राहिला, ‘का बे अन्ना, गोळी कुणाला विचारून दिलास?’ आणि थोरला त्याला, ‘तुझा फोन लागला असता तर विचारलो असतो की.’ दोन वाक्यं, वर्षभर. अक्का तर बोलतच नव्हती. ज्या दिवशी तिघं ओळीने आपापली रात्र सांगायला बसली, तेव्हा कळलं की फोन ठेवल्याचं अक्काने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दोघे भाऊ ते ऐकून गप्प झाले. तिलाही काही टोचत असेल, असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

इथे एक गोष्ट जपा. कुणी आपली टोचणी सांगितली की आपल्या तोंडून लगेच निघतं, ‘जाऊ दे गं, तुझी काय चूक!’ हे प्रेमानेच निघतं, पण थोडा वेळ आवरा. सांगणारी अजून अर्ध्यातच असते. इतक्या लवकर सोडवलं की ती पुढचं सांगत नाही, आणि टोचणारं पुढेच असतं. ‘मग?’ एवढं विचारा. ती पुरती रिकामी झाली की मग जवळ घ्या.

दुसरी फेरी माहितीची. आठवणीवर चालू नका, फाइल काढा. डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, मृत्यूच्या कारणाचा कागद समोर ठेवा आणि ज्या डॉक्टरांनी बघितलं त्यांची वेळ घेऊन तिघं मिळून जा. विचारायचं ते स्पष्ट विचारा: गोळी दिल्याने नुकसान झालं का? दोन तास आधी आणलं असतं तर? परिचारिका म्हणून एवढं मी सांगू शकते, हृदयविकाराची जळजळ आणि पित्ताची जळजळ घरच्या माणसाला वेगळी ओळखता येत नाही, कित्येकदा रोग्यालाही नाही. मधुमेह असलेल्यांत आणि म्हाताऱ्या माणसांत तर छातीत दुखतच नाही असंही होतं, नुसता घाम, दम, मळमळ. अ‍ॅसिडिटीच्या गोळीने झटका येत नाही. उशिराने मात्र फरक पडतो, आणि तो पडला असेल तर ‘नाही पडला’ असं खोटं सांगू नका. खोट्या दिलाशाने माणूस रात्री परत एकटाच जागा राहतो. ‘उशीर झाला. पण तेव्हा तुला जेवढं माहीत होतं, त्यात तू जे केलंस ते मीही केलं असतं,’ हे खरं असेल तर म्हणा.

‘तेव्हा असं केलं असतं तर’ हा विचार कुणाला सुटत नसेल तर मालिकेतला एक प्रसंग बघा. रँडलला त्याची समुपदेशिका, वडिलांना त्याने अडवलं असतं तर पुढे काय झालं असतं, ते कल्पून सांगायला लावते. तो सगळं सोन्यासारखं झालेलं सांगतो. ती म्हणते, हे फारच गोड झालं, आता वाईट झालं असतं तर काय, तेही सांग. आणि ते त्याला सांगता येतं. आपल्या मनातल्या ‘असं असतं तर’मध्ये वडील नेहमी वाचतात. एकदा तरी तोंडाने बोलून बघा की त्या दुसऱ्या वाटेवरही काहीही झालं असतं. हे घरात जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन करा.

तिसरी गोष्ट बोललेल्या शब्दांची. केव्हिन आणि रँडल एकमेकांना जे बोलतात ते ऐकवत नाही. एक म्हणतो, तुला घरी आणलं तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट; दुसरा म्हणतो, वडील गेले ते तुझी लाज वाटतच गेले. असं काही तुमच्यातही दवाखान्याच्या पायऱ्यांवर बोललं गेलं असेल, तर ‘झालं गेलं विसरून जा’ पुरत नाही. तेच शब्द परत उच्चारून माफी मागायची. ‘मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो की बापाला तू मारलास. ते खोटं होतं. मी तसं बोलायला नको होतं.’ एवढ्यावर थांबा. पुढे ‘पण’ आला की माफी गेली. पाचव्या सीझनमध्ये केव्हिन रँडलच्या घरी जातो तेव्हा बोलणं त्या एका वाक्यापुरतं राहत नाही. गोऱ्या घरात काळा मुलगा म्हणून वाढणं रँडलला कसं गेलं असेल, हे आपण कधी पाहिलंच नाही, इथवर तो येतो. आपल्याकडे हे बहुधा आईबापांजवळ राहिलेल्याच्या बाबतीत असतं. पुण्याच्या भावाने पैसे पाठवले, ते मोठंच. पण रात्री दोनला लघवीला उठवणं, औषधाच्या वेळा, दुपारच्या झोपेचं खोबरं, हे थोरल्याने आणि त्याच्या बायकोने काढलं. ते नाव घेऊन बोललं गेलं पाहिजे. आणि थोरल्यानेही विचारावं, की लांब राहून फोनची वाट बघत झोपणं कसं असतं.

दोघांपैकी एक पालक हयात असेल तर यातच पुढचं ठरवा, नाहीतर हीच टोचणी परत तयार होईल. मालिकेतली आई, रिबेका, चांगली बोलती असतानाच तिघांना बसवून सांगते: माझा आताचा, दुसरा नवरा माझ्या उपचारांचे निर्णय घेईल, आणि तो नसेल तेव्हा केट. रँडलला नाही. दोघा भावांना ते गिळावं लागतं. शेवटी तिच्याजवळ राहायला जातो तो केव्हिन, ज्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती. तुमच्या आईलाही विचारा. तिच्या तोंडून ऐका आणि वहीत लिहून ठेवा: निर्णय कुणाचा, व्हेंटिलेटरबद्दल तिचं म्हणणं काय, रात्री फोन कुणाला आधी, फाइल आणि विम्याचा कागद कुठल्या कपाटात, महिन्यातले कुठले दिवस कोण सोबतीला. वहीत मुलीचं नाव मुलांइतकंच येऊ द्या. सासरी गेली म्हणून तिला या निर्णयांतून वगळू नका. फोनच्या यादीतले नंबर रात्री सायलेंटवर असतानाही वाजतील अशी सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते, ती त्याच बैठकीत एकमेकांच्या फोनवर करून द्या.

झोप उडालीय, दारू वाढलीय, ‘मी असून काय उपयोग’ असं कुणी बोलतंय, तर भावंडांच्या बोलण्याची वाट बघू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्याला एकटं ठेवू नका आणि डॉक्टरकडे सोबत जा.

आणि एखादा बसायलाच तयार नसेल तर? त्याच्या मागे लागू नका, दोघांनी सुरुवात करा. त्याला आपली रात्र सांगणारा व्हॉइस मेसेज पाठवा, फक्त त्याला, ग्रुपवर नाही. उत्तर मागू नका. दर रविवारी एका ठरलेल्या वेळी फोन करत राहा आणि आईच्या बीपीचं, पाण्याच्या टाकीचं, मुलांच्या परीक्षेचं बोला. तो स्वतःहून ‘त्या रात्री...’ म्हणाला, की हातातलं काम बाजूला ठेवा आणि ‘मग?’ म्हणा.